एक बटण आणि दोन कान : स्कार्लेट २आय२ वर ओव्हरडबिंग

घरातल्या खोलीत एकट्याने ध्वनिमुद्रण करणाऱ्याला ऑडिओ इंटरफेसकडून, म्हणजे माइक आणि संगणक यांना जोडणाऱ्या यंत्राकडून, दोन गोष्टी हव्या असतात. माइकमध्ये शिरलेला आवाज स्वच्छपणे संगणकापर्यंत पोहोचावा ही पहिली, आणि आधी मुद्रित केलेले ट्रॅक ऐकत नवा ट्रॅक गाताना किंवा वाजवताना कानात जे येते त्यावर विसंबता यावे ही दुसरी. परीक्षणांत बहुधा पहिल्या गोष्टीचीच चर्चा होते. वास्तविक ती आता या वर्गातल्या बहुतेक यंत्रांनी बऱ्यापैकी साधलेली आहे, आणि गाणे बिघडते ते दुसऱ्या गोष्टीपायी. म्हणून फोकसराइट कंपनीच्या तिसऱ्या पिढीतील स्कार्लेट २आय२ या इंटरफेसचे हे परीक्षण मी केवळ ओव्हरडबिंगच्या, म्हणजे आवाजावर आवाजाचा थर चढवत जाण्याच्या, दृष्टीने लिहीत आहे. एक कंडेन्सर माइक, एक गिटार, बंद कपांचा हेडफोन आणि एक लॅपटॉप एवढ्याच सामग्रीवर मी हे यंत्र दीर्घकाळ वापरले आहे.

यंत्राची ओळख थोडक्यात करून देते. ही पिढी २०१९ मध्ये आली आणि २०२३ मध्ये तिच्या जागी चौथी पिढी आली. तरीही तिसऱ्या पिढीची यंत्रे अजून असंख्य घरांत चालू आहेत आणि वापरलेल्या स्थितीत सहज मिळतात. दर्शनी बाजूला माइक किंवा गिटार जोडण्याच्या दोन जागा, प्रत्येकीला गेनचे, म्हणजे आत येणारा आवाज वाढवण्याचे, स्वतंत्र बटण, त्या बटणाभोवती आवाजाची पातळी दाखवणारे प्रकाशाचे कडे, कंडेन्सर माइकला लागणारी ४८ व्होल्टची वीज देणारा दोन्ही माइकना मिळून एकच स्विच, स्पीकरच्या आवाजासाठी एक मोठे बटण, हेडफोनसाठी वेगळे लहान बटण, आणि त्यांच्या शेजारी ‘डायरेक्ट’ अशी खूण असलेले एक छोटेसे बटण अशी रचना आहे. मागच्या बाजूला स्पीकरसाठी दोन आउटपुट आणि यूएसबी-सी जोडणी आहे. वेगळा वीजपुरवठा लागत नाही. मुद्रण २४ बिट आणि १९२ किलोहर्ट्झपर्यंत होते. घरगुती कामाला ४४.१ किंवा ४८ किलोहर्ट्झच्या पुढे जाण्याची गरज मला कधी भासली नाही. माइकच्या आवाजाच्या दर्जाबद्दल एवढेच सांगते की माझ्या खोलीतला पंखा आणि खिडकीबाहेरची रहदारी यांचा त्रास या यंत्राच्या स्वतःच्या खरखरीपेक्षा कितीतरी जास्त आहे.

आता मुख्य विषय. गायकाचा आवाज माइकमधून इंटरफेसमध्ये, तिथून संगणकात, संगणकातल्या मुद्रणप्रणालीतून (मुद्रण करणाऱ्या सॉफ्टवेअरमधून) पुन्हा इंटरफेसमध्ये आणि मग हेडफोनमध्ये असा फेरा मारून परत येतो, तेव्हा त्या फेऱ्याला वेळ लागतो. संगणक आवाज थेंबाथेंबाने हाताळत नाही, घागरी भरून हाताळतो; त्या घागरीलाच बफर म्हणतात. ४४.१ किलोहर्ट्झवर, म्हणजे आवाजाची सेकंदाला ४४,१०० मोजमापे (सॅम्पल) घेताना, २५६ सॅम्पलचा बफर भरायला ५.८ मिलिसेकंद लागतात. तो जाताना एकदा आणि येताना एकदा भरावा लागतो, म्हणजे ११.६ मिलिसेकंद झाले, आणि रूपांतराचा व ड्रायव्हरने (संगणक आणि इंटरफेस यांचे बोलणे सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमने) राखीव ठेवलेला वेळ त्याशिवाय. हवेतून आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटीमीटर जातो, हे लक्षात घेतले तर चार मीटर अंतरावर ठेवलेल्या स्पीकरमधून स्वतःचा आवाज ऐकत गाण्यासारखी ही अवस्था होते. बफर १०२४ वर असेल तर तेच अंतर सोळा मीटरच्या आसपास जाते, आणि तिथे लयीत गाणे जवळजवळ अशक्य होते. उलट ६४ वर आणला तर एका बाजूचा वेळ दीड मिलिसेकंदापर्यंत खाली येतो, पण दहा-बारा ट्रॅक आणि त्यांच्यावर चढवलेले प्रक्रियेचे प्लगइन असे ओझे असलेला साधारण लॅपटॉप तेवढ्या लहान घागरी पुरेशा वेगाने भरू शकत नाही, आणि मुद्रणात तडतड उमटू लागते.

हा प्रश्न संगणकाच्याही आधीचा आहे. टेपयंत्रात मुद्रण करणारे हेड आणि ऐकवणारे हेड वेगवेगळ्या जागी बसवलेले असतात. टेप सेकंदाला ३८ सेंटीमीटर वेगाने धावत असेल आणि दोन हेडमध्ये समजा पाच सेंटीमीटर अंतर असेल, तर जुना ट्रॅक ऐकत गायलेला नवा ट्रॅक टेपवर सुमारे १३० मिलिसेकंद मागे पडतो. अँपेक्स कंपनीने यावर ‘सेल-सिंक’ नावाची युक्ती काढली : जे ट्रॅक ऐकायचे आहेत ते मुद्रण करणाऱ्या हेडवरूनच ऐकवायचे, म्हणजे जुने आणि नवे एकाच जागी भेटतात. गिटारवादक लेस पॉल यांनी १९५७ मध्ये अँपेक्सकडून आठ ट्रॅकचे यंत्र घेतले ते याच सोयीचे. टेप हाती येण्याआधी ते एका तबकडीवरचे वादन वाजवून त्याच्या जोडीने दुसऱ्या तबकडीवर नवे वाजवत, आणि एक चूक झाली की सगळे पुन्हा. आज आपण ज्या सोयीला गृहीत धरतो ती मिळवण्यासाठी किती खटाटोप झाला आहे, याची आठवण ठेवली तर एका लहानशा बटणाबद्दल इतके लिहिण्याचे कारण कळेल.

ते बटण म्हणजे ‘डायरेक्ट’. ते चालू केले की माइकचा आवाज संगणकाचा फेरा न घेता इंटरफेसमधूनच सरळ हेडफोनमध्ये येतो, आणि संगणकाकडून येणारे जुने ट्रॅक त्यात मिसळले जातात. बफर १०२४ असो वा ६४, गायकाला स्वतःचा आवाज तत्क्षणी ऐकू येतो. ही सोय या वर्गातल्या पुष्कळ यंत्रांत आहे. २आय२ च्या पहिल्या पिढीत ती नुसती चालू किंवा बंद अशी होती. तिसऱ्या पिढीत मात्र तीन अवस्था आहेत : बंद, मोनो आणि स्टिरिओ. हा फरक कागदावर किरकोळ दिसतो. माझ्या मते मात्र हे यंत्र निवडण्याचे सर्वांत सबळ कारण तोच आहे.

स्टिरिओ अवस्थेत पहिल्या जागेचा आवाज डाव्या कानात आणि दुसऱ्या जागेचा उजव्या कानात जातो. दोन माइक लावून गिटार टिपताना, किंवा एका जागी गिटार आणि दुसऱ्या जागी आवाज असे एकदम मुद्रित करताना, हे सोयीचे आहे, कारण कोणत्या माइकमध्ये काय येते आहे ते तिथल्या तिथे कळते. पण एकाच माइकवर गाणाऱ्याच्या बाबतीत याच अवस्थेत त्याचा आवाज केवळ डाव्या कानात आणि पार्श्वसंगीत मात्र दोन्ही कानांत असा विचित्र प्रकार होतो. एका कानात स्वतःला ऐकणारा गायक नकळत आवाज ताणतो, आणि स्वराचा अंदाज चुकू लागतो. मोनो अवस्थेत दोन्ही जागांचे आवाज एकत्र होऊन दोन्ही कानांत मध्यभागी येतात, आणि हा प्रश्न मिटतो. मोनो ठेवल्याने मुद्रण मात्र मोनो होत नाही. बदलते ते फक्त ऐकणे. संगणकात दोन्ही जागा वेगवेगळ्या ट्रॅकवरच उतरतात. हे माहीत नसल्यामुळे मी कितीतरी दिवस निष्कारण स्टिरिओवर अडून बसले होते.

याहून मोठी चूक माझ्या हातून सुरुवातीला घडली, आणि तिचा दोष यंत्राकडे अजिबात नाही. बहुतेक मुद्रणप्रणालींत ट्रॅक मुद्रणासाठी सज्ज केला की प्रणालीचे स्वतःचे मॉनिटरिंगही चालू होते किंवा सहज चालू राहते. मग इंटरफेसकडून थेट आलेला आवाज आणि संगणकाचा फेरा घेऊन आलेला तोच आवाज असे दोन्ही कानात एकत्र येतात. त्यांच्यातले अंतर मोठे असेल तर प्रतिध्वनी ऐकू येतो आणि चूक ताबडतोब उघडकीस येते. अंतर थोडे असेल तेव्हाच खरी फसगत होते. पाच मिलिसेकंदांच्या अंतराने तोच आवाज तेवढ्याच पातळीवर मिसळला तर १००, ३००, ५०० हर्ट्झ अशा ठिकाणी तो स्वतःलाच खोडतो, आणि मधले स्वर फुगतात. ऐकणाऱ्याला वाटते की आवाज पत्र्याच्या डब्यातून येतो आहे. मी एक अख्खी संध्याकाळ खोलीच्या भिंतींना दोष देत, रजया टांगत आणि माइक इकडून तिकडे हलवत काढली. मुद्रित झालेला ट्रॅक वाजवून पाहिला तेव्हा तो ठीक होता. बिघाड केवळ कानापुरता होता. नियम सोपा आहे : डायरेक्ट चालू असेल तर प्रणालीतले मॉनिटरिंग बंद, आणि प्रणालीतले चालू ठेवायचे असेल तर डायरेक्ट बंद.

या नियमाला एक अपवाद आहे, आणि तो सापडल्यापासून माझे या यंत्रावरचे गाणे सुधारले. थेट आलेला आवाज कोरडा असतो. त्यात रिव्हर्ब, म्हणजे खोलीतल्या घुमण्याचा आभास, नसतो, आणि हेडफोनमध्ये स्वतःचा इतका कोरडा, जवळून आलेला आवाज ऐकत भावपूर्ण गाणे फार कमी लोकांना जमते. यावर उपाय असा की प्रणालीतले मॉनिटरिंग चालू ठेवावे, ट्रॅकवर रिव्हर्ब चढवावा आणि त्या रिव्हर्बमधला मूळ कोरडा आवाज पूर्ण शून्यावर न्यावा, म्हणजे प्रणालीकडून केवळ खोलीचा आभास परत येईल. कोरडा आवाज डायरेक्ट बटणामार्गे तत्काळ येतो, आणि त्याच्या मागून दहा-पंधरा मिलिसेकंदांनी रिव्हर्ब येतो. खऱ्या सभागृहातही भिंतीवर आपटलेला आवाज उशिरानेच पोहोचत असल्यामुळे तो विलंब कानाला खटकत नाही. उलट शब्द स्वच्छ राहतात. मी वापरते त्या रीपर या प्रणालीत ट्रॅकवर चढवलेला रिव्हर्ब मुद्रणात उतरत नाही, मुद्रित होतो तो कोरडा आवाजच, म्हणून नंतर मिश्रण करताना हात मोकळे राहतात.

आता मर्यादेकडे वळते. या यंत्रात थेट आवाज आणि संगणकाकडून येणारे ट्रॅक यांचे प्रमाण बदलण्यासाठी वेगळे बटण नाही. एसएसएल २, मोटू एम४ किंवा बेरिंजर यूएमसी२०४एचडी या यंत्रांवर असे एक बटण आहे; एका टोकाला केवळ माइक, दुसऱ्या टोकाला केवळ संगणक, आणि मधे हवे ते मिश्रण. २आय२ मध्ये थेट आवाजाची कानातली पातळी गेनच्या बटणाला बांधलेली आहे, आणि गेन तर मुद्रणाच्या पातळीसाठी एकदा ठरवल्यावर हलवायचा नसतो. परिणामी प्रमाण बदलायचे काम संगणकातल्या फेडरवर (आवाजाची पातळी ठरवणाऱ्या सरकत्या पट्टीवर) येऊन पडते. स्वतःचा आवाज कमी ऐकू येत असेल तर प्रणालीतला मास्टर फेडर खाली आणून हेडफोनचे बटण वाढवावे लागते. आवाज अंगावर येत असेल तर याच्या उलट. त्यासाठी पार्श्वभूमीचे ट्रॅक मुळातच दबक्या पातळीवर ठेवणे शहाणपणाचे ठरते, म्हणजे वर नेण्याला जागा उरते. मी गाण्याचा सर्वांत जोरकस भाग उणे १० ते उणे १२ डेसिबलच्या आसपास पोहोचेल एवढाच गेन ठेवते. २४ बिटांच्या मुद्रणात तळाशी इतकी जागा असते की पातळी थोडी कमी राहिल्याने काहीच बिघडत नाही. वरचे टोक ओलांडून कडे लाल झाले, तर मात्र त्या टेकला, म्हणजे मुद्रणाच्या त्या प्रयत्नाला, वाचवण्याचा मार्ग नसतो. दोन ठिकाणची बटणे सांभाळण्याची ही पद्धत अंगवळणी पडते. तरी गिटार मांडीवर आणि माउस हाताच्या पलीकडे अशा स्थितीत, इथे फिरवायला एक बटण असते तर बरे झाले असते, असे दरवेळी वाटून जाते.

दुसरी मर्यादा याच रचनेतून निघते. हेडफोन आणि मागच्या बाजूचे स्पीकर यांना एकच मिश्रण मिळते. गायकासाठी वेगळे आणि मुद्रण करणाऱ्यासाठी वेगळे असे दोन मिश्रण इथे होत नाहीत. एकट्याने काम करणाऱ्याला त्याने काही फरक पडत नाही, परंतु दोघे मिळून मुद्रण करणार असतील आणि दोघांना कानात वेगवेगळे हवे असेल, तर हे यंत्र घेऊ नये. शिवाय डायरेक्ट चालू असताना माइकचा आवाज स्पीकरमध्येही जातो, याचा विसर पडू देऊ नये. स्पीकरचे मोठे बटण शून्यावर न नेता डायरेक्ट दाबले, तर कर्कश शिट्टी घुमते आणि कानात हेडफोन असेल तर तीच शिट्टी कानातही जाते. मुद्रण सुरू करण्यापूर्वी मोठे बटण डावीकडे टोकाला, हा माझा पहिला विधी.

हेडफोनची निवड इंटरफेसपेक्षा कमी महत्त्वाची नाही. मागून उघडे असलेले हेडफोन मिश्रणासाठी उत्तम असले तरी ओव्हरडबिंगला चालत नाहीत, कारण त्यांतून बाहेर पडणारा आवाज माइक टिपतो. सोनी एमडीआर-७५०६, ऑडिओ-टेक्निका एटीएच-एम५०एक्स किंवा बायरडायनॅमिक डीटी ७७० प्रो यांसारखे बंद कपांचे हेडफोन या कामाचे आहेत. यांतला शेवटचा वेगवेगळ्या अवरोधांत मिळतो. यूएसबीवर चालणाऱ्या लहान यंत्राला २५० ओहमपेक्षा ३२ किंवा ८० ओहमचा हेडफोन जोडणे बरे, म्हणजे बटण टोकाला नेण्याची वेळ येत नाही. बंद कपांतूनही क्लिकचा, म्हणजे लय दाखवणाऱ्या ठोक्यांचा, टकटकाट थोडा गळतोच. जोरकस गाण्यात तो लपतो, मात्र गिटारचा शेवटचा सूर विरत जात असताना मागे टक-टक ऐकू येते, आणि ती काढून टाकण्याचा सोपा मार्ग नाही. क्लिकचा आवाज टोकदार न ठेवता मंद आणि खालच्या पट्टीचा निवडणे, आणि शेवटच्या सुराच्या आधी तो थांबेल अशी सोय करून ठेवणे, या दोन गोष्टींनी माझे पुष्कळ टेक वाचले आहेत. क्लिकऐवजी एखादा शेकर किंवा ढोलाचा साधा आवर्तनभर ठेका ठेवला तर गळतीही सुसह्य होते आणि लयही यांत्रिक होत नाही.

ज्यांना दोन्ही कान झाकून गाताच येत नाही त्यांनी एक कप कानामागे सरकवावा, आणि प्रणालीतला मास्टर दुसऱ्या बाजूला वळवावा (पॅन करावा), म्हणजे उघड्या बाजूच्या कपातून पार्श्वसंगीत गळणार नाही. मोनो डायरेक्टमध्ये स्वतःचा आवाज त्या कपातही येत राहतो. तथापि तो मुळात माइकसमोरच उमटलेला असल्याने त्याची गळती तितकी बाधत नाही. हेडफोन मुळीच नको असणाऱ्यांसाठी आणखी एक जुनी युक्ती आहे. डायरेक्ट बंद करून पार्श्वसंगीत हलक्या आवाजात स्पीकरवर लावावे आणि गावे. मग माइक आणि स्पीकर जागचे न हलवता, आवाजाची पातळीही न बदलता, गायकाने गप्प उभे राहून तेच पार्श्वसंगीत पुन्हा एकदा वेगळ्या ट्रॅकवर मुद्रित करावे, आणि त्या दुसऱ्या ट्रॅकची ध्रुवता उलटी करून (त्याच्या लहरींचे चढ-उतार उलटे करून) तो पहिल्यात मिसळावा. दोन्हीतली गळती बरीचशी एकमेकींना खोडते आणि उरतो तो मुख्यतः आवाज. मी हे करून पाहिले आहे. गळती पूर्ण जात नाही, पण मिश्रणात खपून जाईल इतकी कमी होते.

येथवर जे लिहिले ते कानाबद्दल. मुद्रित ट्रॅक योग्य जागी बसतो का, हा प्रश्न वेगळा आहे, आणि डायरेक्ट बटण त्याचे उत्तर देत नाही. गायकाला जुने ट्रॅक संगणकातून बाहेर पडल्यावर, म्हणजे थोडे उशिराच, ऐकू येतात. तो त्यांच्याबरोबर अचूक गायला तरी त्याचा आवाज संगणकात पोहोचेपर्यंत आणखी उशीर झालेला असतो. या दोन उशिरांची बेरीज ओळखून नवा ट्रॅक तेवढाच आधीच्या क्षणाकडे सरकवण्याचे काम मुद्रणप्रणाली करते, आणि ती बेरीज तिला ड्रायव्हर सांगतो. विंडोजवर कंपनीचा एएसआयओ (कमी विलंबाचा) ड्रायव्हर न बसवता संगणकाचा सर्वसाधारण ड्रायव्हर वापरला तर हे गणित चुकण्याचा संभव वाढतो. माझ्या पहिल्या इंटरफेसवर, ज्याचे नाव येथे घेत नाही, प्रत्येक नवा थर किंचित मागे पडत असे. दुसऱ्या थरावर ते कळत नसे. पाचव्या थरापर्यंत टाळ्या एकत्र न वाजता फाटल्यासारख्या वाजत, आणि मी बिचाऱ्या माझ्या लयीला दूषणे देत असे.

याची परीक्षा प्रत्येकाने स्वतःच्या मांडणीवर एकदा करावी, कारण ती पाच मिनिटांत होते. हेडफोन काढून ठेवावा, डायरेक्ट बंद करावे, ४८ व्होल्टचा स्विच बंद करावा, आणि मागच्या बाजूचे एक आउटपुट साध्या केबलने दर्शनी बाजूच्या एका इनपुटला जोडावे. ज्या ट्रॅकवर मुद्रण करायचे त्याचे प्रणालीतले मॉनिटरिंग बंद ठेवावे, नाहीतर आवाज गोल फिरत राहील. एका ट्रॅकवर क्लिकचे टोकदार ठोके ठेवून ते वाजवावेत आणि दुसऱ्या ट्रॅकवर मुद्रित करावेत. मग दोन्ही ट्रॅक खूप मोठे करून पहावेत आणि मूळ ठोका व मुद्रित ठोका यांच्यातले अंतर सॅम्पलमध्ये मोजावे. ४४.१ किलोहर्ट्झवर १०० सॅम्पल म्हणजे २.३ मिलिसेकंद. तेवढे अंतर गाण्यात जाणवणार नाही, तरी तालवाद्याचे थर रचणाऱ्याने तेही शिल्लक ठेवू नये. रीपरमध्ये ड्रायव्हरने सांगितलेला विलंब वापरण्याची खूण असते आणि तिच्याच जवळ हाताने सॅम्पल किंवा मिलिसेकंद भरण्याची जागा असते. मोजलेले अंतर तिथे लिहिले की काम संपते. ऑडॅसिटी या प्रणालीत हीच दुरुस्ती मिलिसेकंदांत करायची असते, आणि तिथे दीर्घकाळ मुळातच उणे १३० हा आकडा भरून ठेवलेला मिळत आला आहे. हा आकडा सगळ्या मांडण्यांना लागू पडेल असा असूच शकत नाही, म्हणून ऑडॅसिटी वापरणाऱ्यांनी ही परीक्षा मुळीच टाळू नये. बफर किंवा सॅम्पल रेट बदलला तर परीक्षा पुन्हा करावी.

चुकीची ओळ दुरुस्त करताना, म्हणजे पंच-इन करताना, थेट मॉनिटरिंगचा एक गुण नव्या माणसाला गोंधळात टाकतो. प्रणाली मॉनिटरिंग सांभाळत असेल तर ती पंचच्या क्षणापर्यंत जुना टेक ऐकवते आणि त्या क्षणी जिवंत आवाजाकडे वळते. डायरेक्ट बटणाला पंच वगैरे काही कळत नाही. तुमचा आवाज सतत येत राहतो. आधीची ओळ जोडीने गात पंचपर्यंत पोहोचायची सवय असेल, तर त्या दोन मात्रांत स्वतःचेच दोन आवाज ऐकू येतात. काहींना यात आधार वाटतो. मला तो गोंगाट वाटतो, म्हणून मी पंच-इन करणेच सोडून दिले आहे. जुना ट्रॅक बंद करून नव्या ट्रॅकवर ती ओळ, तिच्या आधीच्या ओळीसकट, तीन-चार वेळा गाते आणि नंतर चांगले तुकडे निवडून जोडते. श्वास त्यामुळे जागच्या जागी राहतो, आणि जोड कुठे आहे ते ऐकणाऱ्याला समजत नाही.

थर वाढू लागले की आणखी दोन गोष्टी जाणवतात. प्रत्येक ट्रॅकबरोबर खोलीची घरघरही मुद्रित होते, आणि सारख्या पातळीच्या ट्रॅकची संख्या दुप्पट झाली की ती घरघर ३ डेसिबलने वाढते. आठ थरांवर ९ डेसिबल. म्हणून सुरुवातीला क्षुल्लक वाटणारा पंखा आठव्या थराला क्षुल्लक राहत नाही. दुसरी गोष्ट ‘एअर’ या बटणाची. ते आवाजाच्या वरच्या भागाला उजाळा देते, आणि एकट्या मुख्य आवाजावर छान वाटते. पण सहा थरांवर ते चालू ठेवले तर प्रत्येक ‘स’ आणि ‘श’ सहापटीने टोचतो. मी मुख्य आवाजापुरते ते वापरते आणि साथीच्या थरांसाठी बंद करून माइकपासून अर्धा हात मागे सरकते. एकाच खोलीत, एकाच माइकवर गायलेले थर त्यामुळे एकमेकांना चिकटत नाहीत.

माइकच्या निवडीबाबत एकच सूचना. या यंत्राचा गेन ५६ डेसिबलपर्यंत जातो. कंडेन्सर माइकला आणि जवळून गाणाऱ्याच्या डायनॅमिक (बाहेरून वीज न लागणाऱ्या) माइकला तो पुरतो. शुअर एसएम७बी सारखा मंद माइक मात्र किमान ६० डेसिबल मागतो, आणि तो वापरून हलक्या आवाजात गाणाऱ्याने चौथ्या पिढीच्या ६९ डेसिबलचा विचार करावा. ४८ व्होल्टचा स्विच सामाईक असल्याने एका जागी कंडेन्सर आणि दुसऱ्या जागी डायनॅमिक माइक असला तरी घाबरण्याचे कारण नाही. नीट केबलने जोडलेल्या नेहमीच्या डायनॅमिक माइकला त्याने इजा होत नाही.

एकट्याने गाणारा, वाजवणारा, आणि एका वेळी एक किंवा दोन माइकवर काम भागणारा असा जो कोणी असेल, त्याला हे यंत्र मी निःशंकपणे सुचवते, आणि ते मुख्यतः मोनो-स्टिरिओच्या त्या सोयीसाठी. ड्रमसेट मुद्रित करणाऱ्यांचे दोन इनपुटांत भागणार नाही. आणि माइक व संगणक यांचे प्रमाण गाता गाता बदलण्याची ज्यांना सवय आहे, त्यांनी वर सांगितलेली मिश्रणाचे बटण असलेली यंत्रे आधी हाताळून पहावीत. माझ्याकडे ते बटण नसल्याने मी आता संगणकाला एक लहानसा मिडी फेडर, म्हणजे प्रणालीतला फेडर हाताने हलवणारी पट्टी, जोडला आहे, आणि तो माइकच्या स्टँडलाच बांधून ठेवला आहे.